कंपनीचा ऑइल कूलर ठेवावा की काढावा: दर्यापूर तालुक्यातील एका डिझेल गाडीचे प्रकरण

हे प्रकरण अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाच्या आठ आसनी गाडीचे आहे. इंजिन अडीच लिटरचे, टर्बो बसवलेले, कॉमन रेल पद्धतीचे डिझेल; गिअर हाताने बदलायचे; आणि मीटरवर अडीच लाख किलोमीटरच्या आसपासचा आकडा. कपाशी आणि तुरीच्या हंगामात खते, बियाणे व फवारणीचे साहित्य पांदण रस्त्याने शेतापर्यंत नेणे, घरातील वडीलधाऱ्यांना अमरावती किंवा अकोल्याच्या दवाखान्यात पोहोचवणे, उन्हाळ्यात लग्नकार्यांना भरगच्च माणसे घेऊन जाणे, अशी तिची कामे आहेत. याखेरीज थोरला मुलगा चिखलदरा तालुक्यात शिक्षक असल्यामुळे अंजनगाव, परतवाडा, धामणगाव गढी या मार्गाने घाट चढण्याची पाळी तिच्यावर वारंवार येते. हा शेवटचा तपशील या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा ठरला.

गाडीला कंपनीने दिलेला ऑइल कूलर पाण्यावर चालणारा आहे. ऑइल फिल्टर आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये तो थाळीसारखा बसतो, त्याच्या मधून एक पोकळ बोल्ट जातो, आणि दोन होज पाइप त्यात रेडिएटरचे पाणी फिरवत ठेवतात. आत एकावर एक रचलेल्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने ऑइल वाहते आणि दुसऱ्या बाजूने पाणी. दोघांची भेट होत नाही, उष्णतेची देवाणघेवाण मात्र होते.

बिघाड आणि त्यावरचा पहिला उपाय

दिवाळीच्या सुमारास मालकांनी कूलंटच्या (रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या द्रवाच्या) बाटलीचे झाकण उघडले, तेव्हा आत दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचा दाट गाळ दिसला. गावातील पहिले मत ‘हेड गॅसकेट गेले’, म्हणजे इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सील निकामी झाले, असे पडले. पाण्यात ऑइल दिसले की बहुतेक ठिकाणी प्रथम हेच बोलले जाते आणि त्यापायी पुष्कळ हेड विनाकारण उघडली जातात. तालुक्याच्या मिस्त्रींनी मात्र घाई केली नाही. इंजिन धूर सोडत नव्हते, तापत नव्हते, सुरू होताना अडखळत नव्हते, आणि गिअर हाताने बदलायचे असल्यामुळे रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर असण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांनी बोट ऑइल कूलरकडे दाखवले, आणि ते बरोबर होते.

त्यानंतरचा त्यांचा सल्ला असा होता: ‘‘भाऊ, कूलरच नाही राह्यला तं मंग फुटन काय?’’ त्यांनी कूलर उतरवला, लांब पोकळ बोल्टाच्या जागी आखूड बोल्ट लावून फिल्टर थेट ब्लॉकवर बसवला, पाण्याचे दोन्ही होज पाइप एका नळीने एकमेकांना जोडले आणि रेडिएटर धुऊन दिला. एका दुपारीत गाडी रस्त्यावर आली. कूलरचा नवा सुटा भाग मागवायला तेव्हा वेळ लागणार होता आणि कापूस वेचणीचे दिवस होते, हे लक्षात घेता हा तात्पुरता उपाय म्हणून योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइल आणि पाणी मिसळत असलेल्या अवस्थेत गाडी चालवण्यापेक्षा असा बायपास, म्हणजे कूलर वगळून केलेली जोडणी, केव्हाही बरा.

त्याचे कारण दाबात आहे. इंजिन चालू असताना ऑइलच्या मार्गातील दाब साधारणपणे तीन ते पाच बार असतो, तर रेडिएटरच्या झाकणाने राखलेला पाण्याचा दाब जेमतेम एक बारच्या आसपास असतो. त्यामुळे मधल्या पत्र्याला छिद्र पडले की गाडी धावत असेपर्यंत ऑइल पाण्यात घुसत राहते. इंजिन बंद होताच हे उलटते. ऑइलचा दाब काही क्षणांत शून्यावर येतो, तापलेल्या पाण्यातील दाब मात्र बराच वेळ टिकून राहतो, आणि मग पाणी ऑइलच्या बाजूला झिरपू लागते. म्हणून ‘ऑइल पाण्यात गेले, पाणी ऑइलमध्ये गेलेले नाही, तेव्हा इंजिन सुरक्षित आहे’ असे समजून गाडी तशीच वापरणे फार धोक्याचे आहे. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) काही दिसण्याआधीच थोडेथोडे कूलंट बेअरिंगपर्यंत पोहोचलेले असू शकते, आणि कूलंटमधील ग्लायकॉल बेअरिंगच्या पृष्ठभागाला लवकर खराब करते.

बिघाड दुरुस्त झाला होता, यात शंका नाही. पण तात्पुरत्या उपायाला मुदत ठरवलेली नव्हती. गाडी तशीच पाच-सहा महिने चालली.

हिवाळ्यातील खूण आणि उन्हाळ्यातील इशारा

जानेवारीत, थंडी कडाक्याची असताना, मालकांना ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढुरका साय धरल्यासारखा थर दिसला आणि पाणी पुन्हा ऑइलमध्ये आले, अशी त्यांना धास्ती वाटली. प्रत्यक्षात ती हवेतील दमटपणाची आणि ज्वलनातून निर्माण होणाऱ्या वाफेची साय होती. सकाळी थंड इंजिन सुरू करायचे, तीन-चार किलोमीटरवरच्या शेतात जायचे, इंजिन बंद करायचे आणि दुपारी परतायचे, या वापरात ऑइल पुरेसे तापतच नव्हते. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचे दुसरे काम येथे समोर येते, आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. थंडीत पाणी ऑइलच्या आधी तापते आणि तेच पाणी कूलरमधून फिरताना ऑइलला ऊब देते, म्हणजे त्या काही मिनिटांपुरता हा भाग ऑइल गरम करण्याचे काम करतो. ऑइल लवकर तापले तर त्यातील ओलावा आणि न जळता खाली उतरलेले डिझेल उडून जाते. कूलर काढल्यावर ही सोय गेली. यात इंजिनला तातडीचा धोका नव्हता, परंतु ऑइलचे आयुष्य कमी होत होते.

खरा इशारा एप्रिलमध्ये मिळाला. कुटुंबातील सात माणसे, सामान आणि एसी चालू अशा स्थितीत गाडी चिखलदऱ्याला चढली. वर पोहोचून इंजिन संथ चालत असताना ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला, गाडी थोडी रेस केली की विझला, आणि पुन्हा लुकलुकला. पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र पूर्णवेळ मध्यावर होता. याच विसंगतीने मालक गोंधळले आणि गाडी माझ्याकडे आली. त्यांनी विचारलेला प्रश्न थेट होता: बायपास कायम ठेवून घट्ट ऑइल वापरावे, बाजारात मिळणारा हवेवर चालणारा कूलर समोर लावावा, की कंपनीचा कूलर पुन्हा बसवावा?

तपासणी

आधी जुन्या शंका मिटवणे आवश्यक होते. कूलंटच्या बाटलीत ज्वलनाचा वायू येतो का, हे निळ्या रसायनाच्या चाचणीने पाहिले. हेड गॅसकेट गेले असते तर त्याचा रंग पालटला असता, पण तो बदलला नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकसारखे होते. ऑइल फिल्टर कापून आतील कागद उलगडला असता बेअरिंगच्या धातूचे चमकदार कण दिसले नाहीत, तेव्हा पाणी मिसळल्याच्या काळात मोठी हानी झालेली नाही, असा विश्वास वाटला.

मालकांनी उतरवलेला जुना कूलर टाकून न देता गोठ्यातील फळीवर ठेवला होता, त्याचा फार उपयोग झाला. ऑइलचे एक तोंड बंद करून दुसऱ्यातून सुमारे चार बार दाबाची हवा दिली आणि कूलर कोमट पाण्यात बुडवला, तेव्हा पाण्याच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची माळ येऊ लागली. म्हणजे गळती बाहेरच्या रबरी रिंगेची नव्हती, आतील पत्र्याचीच होती. हा फरक पाहणे महत्त्वाचे आहे, कारण ऑइल केवळ बाहेर टपकत असेल तर बहुधा रिंग बदलून काम भागते आणि कूलरला दोष देण्याचे कारण उरत नाही.

नंतर गाडी बायपासच्या अवस्थेतच प्रत्यक्ष रस्त्यावर मोजली. दाबाच्या स्विचच्या जागी काट्याचा गेज लावला आणि डिपस्टिकच्या नळीतून तापमापकाची तार चेंबरमधील, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतील, ऑइलपर्यंत सोडली. ऑइल नवे, पुस्तिकेत सांगितलेल्या १५डब्ल्यू-४० ग्रेडचेच (हा ऑइलच्या घट्टपणाचा क्रमांक) होते. बाहेर पारा चाळिशीपार असताना दर्यापूर ते अंजनगाव या सपाट रस्त्यावर ऑइलचे तापमान १०८ अंशांच्या आसपास स्थिर राहिले. एवढ्यात काही बिघडत नाही. परतवाड्यानंतर घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आली, आणि आकडा थांबण्याचे नाव घेईना. माथ्यावर तो १३१ अंश होता आणि अजून चढतच होता. थांबून इंजिन संथ चालवले तेव्हा ऑइलचा दाब अर्ध्या बारपर्यंत उतरला होता. पाण्याचा काटा तेव्हाही मध्यावरच.

आकड्यांचा अर्थ

डॅशबोर्डवरील काटा पाण्याचे तापमान दाखवतो, ऑइलचे नव्हे. कूलर असेपर्यंत ही दोन तापमाने एकमेकांशी बांधलेली असतात, कारण ऑइलची जास्तीची उष्णता पाण्यात जाते आणि पाणी ती रेडिएटरकडे नेते. कूलर काढला की ही गाठ सुटते. ऑइलची उष्णता जाण्यासाठी मग चेंबरचा पत्रा आणि त्याखालून जाणारी हवा एवढाच मार्ग उरतो. घाटात गाडीचा वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर, खालून येणारी हवा तापलेल्या डांबरावरची, तेव्हा तो मार्ग फारच अपुरा पडतो. मालकांना काटा मध्यावर दिसत होता आणि ते निश्चिंत होते. यात त्यांचा काही दोष नव्हता. या गाडीत ऑइलच्या तापमानाचा काटाच नाही.

टर्बो बसवलेल्या डिझेल इंजिनमध्ये ऑइलवर वंगणापलीकडची बरीच जबाबदारी असते. पिस्टनच्या खालून ऑइलचे फवारे मारले जातात, ते पिस्टनच्या माथ्याची उष्णता शोषून घेतात. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि त्याची बेअरिंगे ऑइलच्या पडद्यावरच तरंगत असतात. भार वाढला की ही दोन्ही ठिकाणे ऑइलमध्ये झपाट्याने उष्णता ओततात. सपाट रस्त्यावर अर्ध्या पेडलने चालणाऱ्या गाडीला कूलरची उणीव जाणवत नाही आणि भरलेली गाडी घाट चढू लागली की काही मिनिटांत जाणवते, याचे कारण हेच आहे. ‘आमच्या गाडीचा कूलर काढून वर्ष झाले, काही झाले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांची गाडी त्या वर्षात कोठे चालली, हे मात्र विचारले पाहिजे.

आता ऑइलचे काय होते ते पाहू. ४० ग्रेडच्या ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या मर्यादेत असावी, असे वाहन अभियंत्यांच्या एसएई संस्थेचे मानक सांगते. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना चौदाच्या आसपास असते आणि १३० अंशांना जवळपास निम्म्यावर येते. ऑइल इतके पातळ झाले की पंप तेवढ्याच फेऱ्यांत दाब उभा करू शकत नाही, कारण बेअरिंगच्या फटींतून ते सहज निसटते. संथ चालीवर पंपाचे फेरे सर्वांत कमी असतात, म्हणून दिवा तेव्हाच लुकलुकतो. दुसरी हानी हळू होते. ऑइलचे ऑक्सिडीकरण तापमान दर दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, तेव्हा वीस अंशांच्या फरकाने तो वेग चौपट होतो. ऑइल आधी काळवंडते, मग दाटते, मग टर्बोच्या बारीक मार्गात कोळसा धरते.

विदर्भाच्या हवामानाचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. अकोला, अमरावती, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्यावर जाणे नवीन नाही. चेंबर आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर नैसर्गिक थंडावा अवलंबून असतो. १३० अंशांचे ऑइल २० अंशांच्या हवेत जेवढी उष्णता सोडेल, त्याच्या सुमारे तीन-चतुर्थांशच ती ४५ अंशांच्या हवेत सोडू शकेल. थंड प्रदेशातील कोणी कूलर काढून समाधानी असेल तर त्याचा अनुभव जसाच्या तसा इकडे आणता येत नाही. शिवाय चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे, आणि खालच्या पूर्णेच्या मैदानातून निघालेली गाडी यातील बहुतेक चढ शेवटच्या घाटात एकदम चढते.

तीन पर्यायांचा विचार

बायपास ठेवून २०डब्ल्यू-५० ऑइल भरण्याचा सल्ला मालकांना एका दुकानदारांनी दिला होता. त्याने दिवा लुकलुकणे बहुधा थांबले असते, आणि तीच या उपायाची अडचण आहे. घट्ट ऑइल दाबाचा आकडा वाढवते, उष्णता कमी करत नाही; उलट अंतर्गत घर्षणामुळे थोडी वाढवतेच. हिवाळ्याच्या सकाळी ते टर्बोपर्यंत पोहोचायला अधिक वेळ घेते. इशारा देणारा दिवा गप्प झाला असता आणि कारण तसेच राहिले असते. हा पर्याय मी पहिल्याच बैठकीत नाकारला.

हवेवर चालणाऱ्या कूलरचा विचार गांभीर्याने केला, कारण त्याचा एक गुण खराखुरा आहे: त्यात ऑइल आणि पाणी एकमेकांजवळ येतच नाहीत, म्हणून ते मिसळण्याची शक्यता मुळातच संपते. मोकळ्या महामार्गावर सतत वेगाने धावणाऱ्या गाडीला तो चांगली सेवा देऊ शकेल. येथे मात्र परिस्थिती वेगळी होती. तो रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसवावा लागतो, म्हणजे त्यांची हवा अडते. पावसाळ्यात पांदणीतील काळ्या मातीचा चिखल त्याच्या जाळीत बसतो आणि हंगामात कापसाचे तंतू व धूळ. घाटातल्या संथ वेगात त्याला हवाच कमी मिळते, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच त्याचे काम मंदावते. थर्मोस्टॅट (तापमानानुसार वाट उघडणारी झडप) असलेली जोडपट्टी घेतली नाही तर थंडीत ऑइल गरजेपेक्षा गार राहते. आणि सर्वांत काळजीची बाब म्हणजे त्याचे लांब होज पाइप: दगड लागून किंवा चेसिसला घासून एक जरी फुटला, तरी पूर्ण दाबाचे ऑइल थोड्याच वेळात रस्त्यावर येते. मेळघाटात रात्रीच्या वेळी, मोबाइलला रेंज नसलेल्या वळणावर, घरातली माणसे गाडीत असताना असे घडणे मला कल्पनेतही सहन होत नाही. हा पर्याय वाईट नाही, पण या कुटुंबाच्या वापराला तो जुळत नव्हता.

कंपनीचा कूलर पुन्हा बसवण्यावर तालुक्याच्या मिस्त्रींचा आक्षेप होता आणि त्याला उत्तर देणे भाग होते. त्यांचे म्हणणे असे की हा भाग एकदा फुटला, पुन्हा फुटेल. शिवाय तो ऑइलची उष्णता पाण्यात टाकतो, म्हणजे रेडिएटरवरचे ओझे वाढते. दुसरा मुद्दा तथ्याला धरून आहे. पण ते ओझे गृहीत धरूनच कंपनीने रेडिएटरचे माप ठरवलेले असते. रेडिएटर निम्मा बुजलेला असेल तर तो स्वच्छ करावा, ऑइलला वाऱ्यावर सोडू नये. पहिल्या मुद्द्याचे उत्तर मात्र कूलर का फुटला, हे कळल्याशिवाय देता येत नव्हते.

कूलर का फुटला

जुना कूलर कापून उघडला. पाण्याच्या बाजूला पांढरा, टणक क्षार थरांनी बसला होता आणि तो खरवडल्यावर पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. त्यातलाच एक आरपार गेला होता. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की रेडिएटरमध्ये कित्येक वर्षे शेतातल्या बोअरचे पाणी भरले जात होते. कूलंट सुरुवातीला कधीतरी भरले होते, नंतर कमी पडेल तसे पाणी.

दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारे आहे, हे येथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते पिण्याला चालत नाही, ओलिताला चालत नाही. जे पाणी आपण जमिनीला देत नाही, ते गाडीच्या रेडिएटरला वर्षानुवर्षे देतो, याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण हे नुकसान टाळणे अगदी सोपे आहे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर भेदून ठिकठिकाणी खोल खड्डे पाडते, आणि पाण्याचा जडपणा तापलेल्या पृष्ठभागावर क्षाराचा थर चढवतो. ऑइल कूलरमध्ये पत्रे सर्वांत पातळ आणि पाण्याच्या वाटा सर्वांत अरुंद असतात, म्हणून मार प्रथम तेथेच बसतो. नंतर पाळी रेडिएटरची, पाण्याच्या पंपाची आणि शेवटी खुद्द हेडची असते.

म्हणजे कूलर हा या गाडीचा दुबळा भाग नव्हता. त्याच्यावर वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्याचा मारा झाला होता. त्याला काढून टाकल्याने बोअरचे पाणी इंजिनमध्ये फिरायचे थांबले नव्हते. आणि नवा कूलर बसवून पाणी तेच ठेवले असते, तर मिस्त्रींचे भाकीत काही वर्षांत खरे ठरले असते.

निर्णय आणि काम

कंपनीचा कूलर नवा घेऊन बसवावा आणि पाण्याची व्यवस्था मुळापासून बदलावी, असे ठरले. अमरावतीच्या जुन्या बाजारात वापरलेला कूलर बराच स्वस्त मिळत होता आणि मालकांचा कल स्वाभाविकपणे तिकडे होता. दाबाच्या चाचणीत तो पास झाला असता, असे मानले तरी त्याने आजवर कोणते पाणी पाहिले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. टर्बो किंवा क्रँकच्या कामाचा खर्च नव्या कूलरच्या कितीतरी पट असतो, हे त्यांच्यासमोर मांडल्यावर त्यांनी नव्याला होकार दिला.

सर्वांत जास्त वेळ धुण्यात गेला. ऑइलचा अंश पाण्याच्या मार्गात चिकटून राहतो आणि दिवाळीतली धुलाई वरवरची होती. थर्मोस्टॅट काढून, ग्रीस कापणारे रसायन गरम पाण्यातून फिरवून, बाहेर येणारे पाणी तवंगरहित होईपर्यंत ते काम पुन्हा पुन्हा केले. ऑइल शोषून फुगलेले, दाबल्यावर पिचपिचीत लागणारे होज पाइप सगळे बदलले. असे पाइप वरून धडधाकट दिसतात आणि भर घाटात फाटतात. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकणही नवे घातले. शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने केले, नाहीतर बोअरच्या पाण्यातील क्षार आतच राहिले असते.

कूलर बसवताना रबरी रिंग नवी वापरली, तिला ऑइलचे बोट लावले, कूलर त्याच्या खुणेच्या खाचेत नीट बसल्याची खात्री केली आणि पोकळ बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळला. ‘अजून थोडा घट्ट’ करण्याचा मोह येथे टाळावा, कारण जास्त आवळल्याने रिंग चेपते आणि गळती सुरू होते. नवा कूलर रिकामा असतो, म्हणून डिझेल बंद ठेवून गेजवर दाब उभा राहीपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर, मध्ये विश्रांती देत, फिरवले. त्यामुळे टर्बोला पहिल्या क्षणी कोरडे फिरावे लागले नाही.

पाण्याच्या जागी इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात भरले आणि हवा काढली. विदर्भात पाणी गोठण्याची भीती नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, आणि निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते, तर साधे पाणी १०० अंशांना. झाकणाच्या दाबाखाली दोन्ही आकडे आणखी वर जातात. एप्रिल-मेच्या घाटात हा फरक उपयोगी पडतो. वर घालण्यासाठी तयार मिश्रणाचा एक कॅन डिकीत ठेवला आणि बोनेटच्या आतील बाजूस ‘बोअरचे पाणी टाकू नये’ अशी पट्टी चिकटवली, कारण गाडी घरातील तिघे जण चालवतात. वाटेत काहीच मिळाले नाही तर घरच्या आरओचे पाणी तात्पुरते चालेल, नंतर मिश्रण बदलून घ्यावे, असेही सांगितले.

परिणाम

मे महिन्यात तेवढ्याच माणसांनिशी, एसी चालू ठेवून, तोच मार्ग पुन्हा मोजला. सपाट रस्त्यावर ऑइल ९८ अंशांच्या आसपास राहिले. घाटाच्या माथ्यावर ते ११२ अंशांवर जाऊन स्थिरावले; तो आकडा स्थिर झाला, याला मी तापमान कमी झाल्याइतकेच महत्त्व देतो. थांबल्यावर संथ चालीचा दाब एक बारच्या खाली गेला नाही. पाण्याचा काटा बायपासच्या वेळेपेक्षा अगदी किंचित वर दिसला, तेवढा दिसणे अपेक्षितच होते.

हाच निर्णय प्रत्येक गाडीला लागू पडेल असे नाही. टर्बो नसलेले लहान पेट्रोल इंजिन असेल, तेच इंजिन कंपनीने काही मॉडेलमध्ये कूलरविना दिलेले असेल आणि गाडी गावाबाहेर क्वचितच जात असेल, तर बायपास निभावून जाऊ शकेल. पण टर्बो डिझेल, भरलेली गाडी आणि उन्हाळ्यातला घाट हे तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे कूलर काढणे मला मान्य नाही. सुटा भाग येईपर्यंत बायपास ठेवावाच लागला, तर त्या काळात घाट व जड भार टाळावा, ऑइल निम्म्या अंतराला बदलावे आणि भाग मागवल्याची तारीख लिहून ठेवावी.

या गाडीत एक बाब अजून नजरेखाली ठेवायची आहे. संथ चालीवरचा दाब आता ठीक असला, तरी एवढ्या चाललेल्या इंजिनसाठीही तो जरा खालच्या बाजूचा आहे. बेअरिंगची नैसर्गिक झीज आणि दिवाळीपूर्वी ऑइलमध्ये मिसळलेले पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, हे चेंबर उघडल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि आज तो उघडण्याइतके कारण नाही. म्हणून पुढील दिवाळीत आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, ऑइल पूर्ण तापलेले असताना, त्याच गेजने दाब मोजायचा आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून पाहायचा, असे मालकांशी ठरले आहे.